बोलेरोमागं फिरती खोली: वजन वाटणारी हिच किती ताकदीची घ्यावी?

मोर्शीचा_बगीचावाला

मंडळी, प्रश्न वरचाच, एका ओळीचा आहे (हिच म्हणजे गाडीला मागची खोली जोडायचा सांधा), पण मागची कथा सांगितल्याशिवाय कोणी नीट उत्तर देणार नाही. म्हणून लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे गेले. शेगावला जायचं, माहूरला जायचं, मुर्तिजापूरला माझ्या बहिणीकडे चार दिवस राहायचं, सगळं तिच्या मनात आहे. अडतं एकाच ठिकाणी: वाटेत कमोड नाही. ढाब्यावरच्या संडासात तिला बसवून उठवायला दोघं लागतात, आणि ते तिला आवडत नाही. मलाही नाही.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या एका फॅब्रिकेटरकडून बोलेरोमागं ओढायची खोली बनवून घेतली. तेरा फूट लांब, एकच आस, दोन चाकं. आत दोन बाकं, गॅस, कमोड, आणि पुढच्या बाकाखाली दीडशे लिटरची पाण्याची टाकी. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडाईत ती बगीच्यात उभी करतो, जागलीला मीच झोपतो. बायको म्हणते, खोली आईसाठी नाही, तुमच्यासाठीच केली.

पहिल्यांदा शेगावला निघालो तेव्हा टाकी काठोकाठ भरली. खोली जोडली तशी बोलेरो मागून बसली आणि तोंड वर झालं. अंधार पडल्यावर हेडलाइट रस्त्यावर कमी आणि कडुनिंबाच्या शेंड्यावर जास्त. बडनेऱ्यापासून मुर्तिजापूरपर्यंत समोरचा प्रत्येक ट्रकवाला मला डिपर मारत होता. स्टिअरिंग इतकं हलकं की पुढची चाकं आहेत की नाही, शंका यावी.

येताना उलट. टाकी रिकामी झाली होती. बहिणीनं तुरीच्या डाळीचे तीन कट्टे दिले, पन्नास-पन्नास किलोचे. ते मी मागच्या भिंतीला लावून ठेवले, कारण दार तिकडेच आहे. बोलेरो आता सरळ दिसत होती, म्हणून मी खूश होऊन सत्तरवर नेली. बडनेऱ्याच्या अलीकडे एक ट्रक बाजूनं गेला आणि खोलीनं शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी हळू, मग अख्खी बोलेरो सोबत घेऊन. मी ब्रेक दाबला. ते वाईट केलं हे नंतर कळलं. आई मागच्या सीटवर "गजानना, गजानना" करत होती. वाचलो.

आता प्रश्न. माझा साळा टेक्सासला असतो. तो पिकअपमागं सव्वीस फुटी ट्रेलर ओढतो आणि तिकडे सगळे वापरतात ती वजन वाटणारी हिच वापरतो: मधे गोळा, दोन्ही बाजूंनी पोलादी दांड्या, त्यांना साखळ्या. दिवाळीला येतो आहे. म्हणतो, "भाऊजी, तुमचे दोन्ही आजार यानंच बरे होतील. हजार पौंडवालीच घ्या, मजबूत असलेली बरी." सहाशे आणि आठशेवालीही मिळते म्हणे. कोणती मागवू?

रेल्वेप्रेमी_बडनेरा

बडनेऱ्याहून शेगाव सरळ गाडी आहे. स्टेशनवर व्हीलचेअर मिळते. कशाला एवढा उपद्व्याप?

मोर्शीचा_बगीचावाला

दादा, तुम्ही आईच्या कमोडचा परिच्छेद वाचला नाही.

टोचनवाला_वणी

भाऊ, मी वणीले क्रेन चालवतो. कोळशाचे ट्रक पडले का लोक मले बोलावते, अन् मी टोचन करून नेतो. तुमचं लिवलेलं वाचलं अन् मले माया आजोबाची बंडी आठवली.

तुमच्या घरी बंडी होती का नाई? असंनच. बंडी भरताना बुढा माणूस काय पाह्यते? धुरा. माल पुढं जास्त झाला का धुरा जड, जू बैलाच्या खांद्यात रुतते. माल मांगं जास्त झाला का बंडी उलाळ होते, जू वर उठते, बैलाच्या गळ्याले जोतं आवळते अन् बैल चालत नाई. तुमची खोली जाताना धुराजड होती अन् येताना उलाळ. दुसरं काईच नाई. बोलेरो म्हंजे बैल.

आता सांगा, बंडी उलाळ झाली त तुमी नवं जू आणता का दोन पोते पुढं सरकवता?

दुसरी गोष्ट, हे मी पोट भरायच्या धंद्यातून सांगतो. तुमच्या बोलेरोले मांगं हूक कसा लावला हाय त्याच्याखाली आडवं होऊन पाहा. आपल्याकडं बहुतेक जागी दोन पट्ट्या, चार बोल्ट अन् त्यावर गोळा, एवढंच राह्यते. थो ओढाले चालते. पण साळ्याची हिच नुसती ओढत नाई, थे हुकाले पिळते. त्या दांड्या ताणल्या का अख्खा जोर हुकाच्या मुळावर वळण देते. चार बोल्टाचा हूक असा पिळाले बनवलाच नसते. चासीचा पत्रा फाटलेला मी पाह्यला हाय, अन् थो साध्या ट्रॉलीनं फाटला होता.

अन् रपटा. तुमच्या बगीच्यात जाताना नाला लागते ना? गाडी रपट्यात उतरली अन् खोली अजून वर हाय, तवा त्या दांड्याइचं काय होईन, इचार करा.

काटेवाला_हिंगणघाट

मी जिनिंगच्या धर्मकाट्यावर बसतो. हंगामात दिवसभर कापसाच्या गाड्या मोजतो, त्यामुळे आकड्याशिवाय बोलायची सवय नाही. बगीचावाले दादा, तुम्ही सहाशे, आठशे, हजार विचारता आहात, पण तुमच्या खोलीचं वजन किती, आणि त्यातलं गोळ्यावर किती येतं, हे लिहिलंच नाही. तो आकडा नसेल तर हिच निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता जोडा घेणं.

काटा मोकळा असताना, सकाळी लवकर जा. काटेवाल्याला आधी सांगा की चार-पाच वेळा मागंपुढं करायचं आहे, नाहीतर तो वैतागेल (मी वैतागतो). नेहमी बसतात तेवढी माणसं गाडीत ठेवा, टाकी भरलेली ठेवा.

आधी बोलेरो एकटी. फक्त पुढची चाकं काट्यावर, आकडा लिहा. मग अख्खी गाडी, आकडा लिहा. आता खोली जोडा. पुन्हा फक्त पुढची चाकं. मग बोलेरोची चारही चाकं काट्यावर आणि खोलीची चाकं बाहेर. शेवटी सगळं काट्यावर.

जोडलेल्या बोलेरोच्या चार चाकांच्या वजनातून एकट्या बोलेरोचं वजन वजा केलं की गोळ्यावरचा भार मिळतो. सगळ्या वजनातून एकट्या बोलेरोचं वजा केलं की खोलीचं एकूण वजन. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. अशा एका आसाच्या खोलीला हे दहा ते पंधरा टक्के असावं. दहाच्या खाली गेलं की शेपूट हलते. पंधराच्या वर गेलं की गाडी मागून दबते आणि पुढून हलकी होते, म्हणजे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कमजोर.

काट्याच्या पाटीवर पाहा, बहुतेक काटे दहा-दहा किलोनं मोजतात. त्यामुळे पाच-सात किलोवरून डोकं फोडू नका.

आणखी एक मोजा. गोळ्यापासून आस किती फुटांवर, आसापासून टाकीचा मध्य किती पुढं, आणि डाळीचे कट्टे किती मागं होते. मग मी इथे बसल्या बसल्या सांगतो येताना काय झालं.

मोर्शीचा_बगीचावाला

काल पहाटे गेलो. काटेवाला ओळखीचा निघाला, चहा पाजला.

बोलेरो एकटी, आम्ही दोघं बसून: पुढं ८२०, एकूण १७६०. खोली जोडून: पुढं ७४०, बोलेरोची चारही चाकं १९५०, सगळं मिळून २९५०. म्हणजे खोली ११९० किलो, गोळ्यावर १९०. सोळा टक्के. पुढच्या चाकांवरचे ८० किलो उडाले होते, म्हणून कडुनिंब दिसत होता.

गोळा ते आस अकरा फूट. टाकीचा मध्य आसाच्या चार फूट पुढं. कट्टे पाच फूट मागं.

टोचनवाले भाऊ, आडवा झालो. चार बोल्टच आहेत. एक ढिला होता. तुमचे उपकार.

खोलीला धक्क्यानं लागणारा ब्रेक आहे, म्हणजे गाडी थांबली की खोली पुढं सरकून दांडा आत जातो आणि खोलीचे ब्रेक लागतात. हिचसाठी याचा काही संबंध असतो का?

काटेवाला_हिंगणघाट

आता पाहा. टाकीचे १५० किलो आसाच्या चार फूट पुढं, दांडा अकरा फुटी. १५० गुणिले ४ भागिले ११, म्हणजे ५५ किलो. टाकी भरलेली असताना तिच्यामुळे गोळ्यावर एवढे येतात. टाकी रिकामी झाली, ५५ गेले. कट्ट्यांचे १५० पाच फूट मागं, त्यांनी ६८ किलो उचलले. १९० मधून ५५ आणि ६८ गेले, उरले ६७. खोलीचं एकूण वजन तेवढंच, ११९०. पाण्याचे १५० गेले, डाळीचे १५० आले. ६७ म्हणजे साडेपाच टक्के. हलणार नाही तर काय होईल!

जाताना सोळा, येताना साडेपाच. एकाच खोलीत. कोणतीही दांडी लावली तरी हा फरक तिला कळत नाही.

टाकी बरोबर आसावर घ्या. तिथं ती भरलेली असो की रिकामी, गोळ्यावरचा भार बदलत नाही. एकूण वजन कमी-जास्त होतं, त्यामुळे टक्के थोडे हलतात, तेवढं चालतं.

चिखलदऱ्याचा_परतलेला

मी नऊ वर्षं अमेरिकेत होतो, त्यातली पाच असा ट्रेलर ओढला. आता परतवाड्यात दुकान आहे. साळेबुवांचं चुकत नाही, पण ते त्यांच्या ट्रेलरबद्दल बोलत आहेत. तिकडची हिच काय करते ते सांगतो, मग ठरवा.

घरातली बाज मधे झोळली की आपण पायथ्याची दोरी ताणतो आणि झोळ जातो. अगदी तसंच. गाडी आणि ट्रेलर जोडले की गोळ्यापाशी झोळ पडतो. हिचच्या दोन दांड्या कमानपाट्यासारख्या लवचिक असतात. त्यांचं एक टोक हिचच्या डोक्यात, दुसरं साखळीनं ट्रेलरच्या तिकोनी चौकटीला. साखळीची कडी वर चढवली की दांड्या ताणतात, झोळ उचलला जातो, आणि गाडीच्या मागच्या चाकांवर पडलेला जास्तीचा भार थोडा पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे जातो. भार नाहीसा होत नाही. गाडीची ओढायची किंवा पेलायची क्षमता तसूभरही वाढत नाही. बरेच जण इथेच फसतात.

दांड्यांवरचा आकडा हा ट्रेलरच्या वजनाचा नसून गोळ्यावरच्या भाराचा असतो, आणि त्यात गाडीच्या मागच्या आसामागं डिक्कीत ठेवलेलं सामानही धरायचं. हजार पौंड म्हणजे ४५४ किलो. तुमच्याकडे टाकी हलवल्यावर गोळ्यावर १३५ च्या आसपास येईल, डिक्कीत चाळीसेक किलो धरा. १७५ झाले. त्याला चारशे पौंडाच्या, म्हणजे १८१ किलोच्या दांड्या पुरतात. मिळाल्याच नाहीत तर सहाशेच्या, त्याही सैल लावून. हजारच्या लावल्या तर त्या वाकणारच नाहीत. मोर्शी रोडवरचा प्रत्येक गतिरोधक सरळ चौकटीत आणि बोलेरोच्या चासीत जाईल. फॅब्रिकेटरच्या वेल्डिंगवर तुमचा किती विश्वास आहे, ते तुम्हीच सांगा.

जास्त ताणल्याचा दुसरा तोटा: मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी मागून घसरते. पुढच्या चाकांवरचे जे ८० किलो उडाले, ते सगळेच्या सगळे परत आणायचे असा आग्रह जुने लोक धरतात. अलीकडे कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये निम्मेच आणा असं लिहिलेलं असतं. काटा जवळ नसेल तर पुढच्या मडगार्डची जमिनीपासून उंची टेपनं मोजायची: जोडण्याआधी, जोडल्यावर, आणि दांड्या ताणल्यावर.

तिकडच्या गाड्यांना मागं चौकोनी पोकळ नळीचा हूक असतो आणि त्याच्या चिठ्ठीवर दोन वेगळे आकडे असतात: नुसता भार पेलायचा एक, वजन वाटायच्या हिचसकटचा दुसरा. काहींवर स्पष्ट लिहिलेलं असतं की अशी हिच लावू नका. तुमच्या चार बोल्टांच्या हुकावर कोणतीच चिठ्ठी नाही. टोचनवाल्यांनी पिळण्याचं जे सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे.

गोळा. तिकडचा दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. आपल्याकडे बहुतेक ५० मिलिमीटरचे. आठ दशांशाचा फरक वाटतो किरकोळ, पण ५० ची वाटी दोन इंची गोळ्यावर नीट बसत नाही, आणि दोन इंची वाटी ५० च्या गोळ्यावर खुळखुळते. खड्ड्यात उडाली तर? गोळा आणि वाटी एकाच मापाचे, दोन्हीवर कोरलेलं असतं ते वाचून घ्या.

ब्रेकचं विचारलंत ते बरं झालं, कारण खरी अडचण तिथेच आहे. तुमचा ब्रेक दांडा आत सरकल्यावर लागतो. हिचच्या दांड्या ताणल्या की ते सरकणं अडखळतं. काही हिचवाले सांगतात आमची चालते, बरेच सांगतात चालत नाही. शेपूट हलू नये म्हणून बाजूला जी घासणारी पट्टी लावतात, ती तर अशा ब्रेकसोबत लावूच नये. तिकडे बहुतेक ट्रेलरला विजेचा ब्रेक असतो आणि डॅशबोर्डवर त्याची कळ. शेपूट हलली की गाडीचा ब्रेक न लावता फक्त ट्रेलरचा लावता येतो. तुम्हाला ती सोय नाही. म्हणून पुन्हा हलली तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. ब्रेक नाही, आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवणं तर अजिबात नाही.

रपट्याचंही खरं आहे. खोल उतार-चढावाच्या जागी दांड्या काढून ठेवायच्या असतात. काढताना जॅकनं ट्रेलरची सोंड आणि गाडीचा मागचा भाग दोन्ही सोबत उचलायचे, ताण गेला की साखळी सोडायची. ताणलेली सोडली तर दांडी किंवा तिची खुंटी नडगी फोडते. माझ्या नडगीवर खूण आहे. तुमच्या बगीच्यात जाताना दर वेळी हे करणार का? रात्री, जागलीला?

टोचनवाला_वणी

परतलेले भाऊ, मले एवढं इंग्रजी पुस्तक येत नाई, पण बाजेचं बेस सांगतलं.

मोर्शीचा_बगीचावाला

कळवायला उशीर झाला, मृगाच्या फळांना फवारणी चालू होती.

टाकी काढून आसावर बसवली. त्यासाठी कमोडची पाइप दोन फूट लांबवावी लागली, प्लंबरनं एक अख्खा दिवस खाल्ला. पुन्हा काट्यावर गेलो. पुढची चाकं ७६०, बोलेरोची चारही १९००, खोली ११९०. गोळ्यावर १४०. हिशेब १३५ म्हणत होता, पण काटा दहाचा आहे. पावणेबारा टक्के. मग टाकी पूर्ण रिकामी करून पुन्हा मोजलं, तरी १४० च.

पुढचे ६० किलो अजून कमी आहेत. त्यापायी हिच घ्यायची नाही असं ठरवलं. त्याऐवजी वेल्डरकडून हूक काढून चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना सहा बोल्टांनी नवा बसवला आहे, गोळा ५०, वाटी ५०, दोन्ही वाचून. डिक्कीतला जॅक आणि पाना आता पुढच्या सीटखाली. हेडलाइट थोडे खाली वळवून घेतले.

शनिवारी आईला मुर्तिजापूरला नेऊन आणलं. साठच्या वर गेलो नाही. ट्रक बाजूनं गेले, खोली हलली तेवढी एकदा आणि आपोआप थांबली. बहिणीनं पुन्हा तीन कट्टे काढले. ते मी आत नेऊन आसावर, टाकीशेजारी ठेवले. ती म्हणाली, दारापासून एवढं आत कशाला ओढतोस?

साळ्याला फोन केला. त्याला वाईट वाटलं, कारण हजारवाली त्यानं आधीच मागवून ठेवली होती. किट चाळीसेक किलोचं आहे, विमानातल्या दोन बॅगा त्यातच गेल्या असत्या. मी म्हटलं, परत कर आणि त्या वजनात आईसाठी कमोडवर बसवायची ती उंच सीट आण, हातधरणीवाली. इथे मिळते ती डुगडुगते.

दसऱ्याची गर्दी ओसरली की माहूर. यवतमाळ, आर्णी करून जायचा विचार आहे. माहूरचा चढ खोली घेऊन कोणी चढला असेल तर सांगा, नाहीतर खाली उभी करून आईला नुसत्या बोलेरोनं वर नेईन.

टोचनवाला_वणी

खालीच उभी करा. अन् चाकाले गुटके लावा, दोन्हीकून. इसरू नका.